बसशील रे, पण उठशील कसा?

वाकलेले

केशवराव मुळमुळे कूलर काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पडले असते तर बरं झालं असतं. पडलेल्या माणसाची एक बाजू तरी लागते. लोक धावतात, पाणी आणतात, कोणाला तरी फोन लावतात. केशवराव मधल्यामध्येच थांबले. तोंड जमिनीकडे, पाठ आभाळाकडे, दोन्ही हात कूलरच्या पत्र्यावर. पाऊस स्थिरावला की हॉलच्या खिडकीतला कूलर उतरवून गच्चीवर झाकून ठेवायचा, हे नागपुरात घरच्या कर्त्या पुरुषाचं काम समजतात. भैरवीबाई आतून दोनदा म्हणाल्या होत्या, "अहो, कोणाला तरी बोलवा." पण नवऱ्याला कर्ता पुरुष समजायचं नाही, असाच या वाक्याचा अर्थ होतो. म्हणून त्यांनी कूलर एकट्याने उतरवला. तो उतरला. कमरेत काहीतरी 'कट' झालं. कूलरला काही झालं नाही.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारचे रामाजी बोंडे डोकावले. नरखेडकडची संत्र्याची बाग मुलाच्या हाती देऊन ते हुडकेश्वरला राहायला आले होते. शहरात करण्यासारखं काही नसल्यामुळे ते दिवसभर शेजाऱ्यांकडे पाहत.

"मुळमुळे साहेब, काही हरपलं का?"

"नाही."

"मंग काहून असे खाली पाहून राहिले?"

"सहज."

रामाजींनी बराच वेळ निरीक्षण केलं. बागेतल्या रोगट झाडाकडे पाहावं, तसं.

"आमच्या एका बैलाले असंच झालं होतं गा."

केशवरावांना आशा वाटली. "मग? काय केलं?"

"इकला."

तोवर रामाजींच्या प्रयागबाईही भिंतीशी आल्या. उसण भरली आहे, हे त्यांनी लांबूनच ओळखलं. "भैरवीबाई, घाबरू नका वं. मी पायाळू आहो, जन्मताना पायच आधी आले माये. पायाळू माणसानं एक लात मारली का उसण निघून जाते."

आता इथे केशवरावांची सामाजिक स्थिती लक्षात घेतली पाहिजे. ते एका सरकारी कार्यालयात मुख्य लिपिक. त्यांच्या टेबलासमोर भलेभले ताटकळतात. मुळमुळे घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात लेखणीवर जगलेलं. अशा माणसाने भर दुपारी स्वतःच्या अंगणात शेजारणीची लाथ खावी का? या प्रश्नावर ते सविस्तर विचार करणारच होते, पण लाथ बसली.

उपयोग झाला, नाही असं नाही. आधी ते समोर वाकलेले होते, ते आता डावीकडे वाकले.

बसलेले

म्हणजे बसवलेले. कारण दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातल्या महाल भागातून यमुताई आल्या.

यमुताई म्हणजे केशवरावांची थोरली बहीण. त्यांचा शब्द मुळमुळे घराण्यात शेवटचा. मधलेही बरेचसे त्यांचेच. त्या भावाकडे पाहत दारातच उभ्या राहिल्या. केशवराव सोफ्याला टेकून तिरपे उभे होते, भिंतीला लावलेल्या शिडीसारखे.

"केशवा, भाद्रपदात काय आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणूनच तर त्यांना रात्री झोप नव्हती, आणि ते फक्त पाठीमुळे नव्हतं. घराण्याच्या महालक्ष्म्या इतकी वर्षं थोरल्या भावाकडे बसत. तो आता मुलाकडे पुण्याला कायमचा गेला. या वर्षी पहिल्यांदाच मुखवट्यांची पेटी हुडकेश्वरला यायची होती. धाकट्याच्या घरी महालक्ष्म्या! केशवरावांनी घर बांधलं तेव्हा हॉलची ती भिंत मुद्दाम मोकळी सोडली होती आणि कोणी विचारलं तर "सहज सोडली" असं सांगत आले होते.

"पाट आण गं," यमुताईंनी भैरवीबाईंना सांगितलं. "बस यावर."

केशवराव बसले. कसे बसले ते सोडून देऊ.

"आता ऊठ."

केशवराव पाटाच्या दोन्ही कडा धरून जागच्या जागी डुलले.

"पाहिलंस? पूजेला बसशील रे, पण उठशील कसा? अंगावर सोवळं असेल. तुला हात कोण लावणार? भैरवी बाहेर पाहुण्यांत असेल. पंगत खोळंबेल. यजमानानं पाटावरून आपलं आपण उठावं आणि पहिलं वाढावं, हे आपल्याकडे बाबांच्या, आजोबांच्या वेळेपासून आहे."

"उठेन मी."

"कधी?"

भैरवीबाईंनी त्यांना उठवून परत सोफ्याला टेकवलं, तेवढ्यात फोन वाजला. कामठीचा चुलत भाऊ वसंत. बातमी कामठीपर्यंत एवढ्या लवकर कशी गेली, हे यमुताईंच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

"दादा, तू अजिबात चिंता करू नकोस," वसंत म्हणाला. "महालक्ष्म्या काय, तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय. आमचा हॉल मोठाच आहे. आत्ताच पीओपी केलं. सहज म्हणून एक कोनाडाही ठेवला."

केशवरावांनी फोन ठेवला. सहज सोडलेल्या भिंती आणि सहज ठेवलेले कोनाडे त्यांना चांगले कळत होते. आणि एकदा दुसऱ्याच्या कोनाड्यात बसलेल्या महालक्ष्म्या परत येत नाहीत, हेही.

आडवे

डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, उजेडात धरला, आणि "वय" असं निदान केलं. मग म्हणाले, "वजन उचलू नका. योग सुरू करा. पण शिकून करा, मोबाइलवर पाहून नको."

केशवरावांनी त्या रात्री मोबाइलवर पाहिलं. त्यात एक तरुण, ज्याला पाठ असल्याचीच शंका येत होती, स्वतःचं डोकं स्वतःच्या गुडघ्यांना लावून हसत होता. केशवरावांनी त्यातलं फक्त हसणं करून पाहिलं. तेही दुखलं.

चौपायी

रामाजींची मुलगी श्वेता एका शाळेत योग शिकवायची. ती आली, तिने केशवरावांना चटईवर पालथं निजवलं, पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "काका, वाकायचं एकही आसन करायचं नाही. फक्त मार्जारासन. रोज, सावकाश."

"म्हणजे?"

"मांजर. हात आणि गुडघे टेकून चार पायांवर. श्वास घेताना पोट खाली, मान वर. सोडताना पाठ वर, मान खाली."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

केशवरावांना वाईट वाटलं. आपल्या दुखण्याला एवढंसं औषध? साऱ्या आयुष्याचा अनुभव असा होता, की ज्या कामाला एकच कागद लागतो ते काम महत्त्वाचं नसतं. पण भैरवीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ते चार पायांवर आले. श्वास घेतला. मान वर केली.

आणि समोर खिडकीत रामाजी दिसले.

कूलर! कूलर होता तोवर ती खिडकी बंद होती. आता तिथे चौकोनी, मोकळं, सबंध गल्लीला उघडं भोक होतं, आणि त्या चौकटीत केशवराव मुळमुळे, मुख्य लिपिक, मांजर होऊन आभाळाकडे पाहत होते.

"बाप्पा!" रामाजी म्हणाले. "अजून नाही सुधरलं का?"

संध्याकाळपर्यंत वसाहतीच्या 'आपला ले-आऊट' या व्हॉट्सॲप गटावर चर्चा रंगली होती.

*— मुळमुळे साहेबांना कुत्रं चावलं का?*

*— नाही. योगा करून राहिले. माझी मुलगी शिकवते. — रामाजी*

*— माझीपण कंबर जाम दुखते. मी येऊ का?*

*— मीपण.*

*— खिडकीतून नीट दिसत नाही. मैदानात घ्या ना.*

*— सुप्रभात. (गुलाबाचं चित्र)*

मैदानात घ्या, हे सगळ्यांना पटलं. ले-आऊटच्या मधोमध मोकळं मैदान होतं. सकाळी तिथे म्हशी बसत, संध्याकाळी पोरं खेळत, कोणी कोणाला विचारत नव्हतं. श्वेता म्हणाली, "उद्या सहाला चटया घेऊन या."

इथेच केशवरावांनी ती चूक केली, जी रामाजींनी केली नसती, म्हशींनी तर केलीच नसती. ते म्हणाले, "परवानगी घेतली पाहिजे."

"काहून?"

"कोणी विचारलं तर?"

"कोन इचारते?"

"तेच. विचारलं तर काय दाखवायचं?"

उभे, रांगेत

मैदान ज्या कार्यालयाच्या ताब्यात होतं, तिथे केशवराव एका हाताने पाठ आणि दुसऱ्या हाताने अर्ज धरून उभे राहिले. खिडकीमागच्या लिपिकाने अर्ज वाचला, उलटा केला, मागची कोरी बाजूही वाचली.

"एकट्या माणसाला परवानगी देता येत नाही."

"का?"

"एकट्या माणसाला परवानगी लागतच नाही. जी लागत नाही ती देणार कशी?"

"मग आम्ही तसेच बसतो."

"तसे बसलात तर विनापरवाना होईल."

केशवरावांच्या पाठीतून कळ गेली, पण छातीत मात्र आदर दाटून आला. काय वाक्य होतं! पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, आणि कुठेही चूक सापडत नाही. उभ्या नोकरीत आपल्यालाही एवढं गोळीबंद सुचलं नव्हतं. फक्त एका गोष्टीचं त्यांना लागलं. समोरच्याने त्यांना आपल्यातलं म्हणून ओळखलं नाही. आलेला माणूस समजला.

"मग काय करू?"

"मंडळ काढा. मंडळाला देता येते."

मंडळ काढायचं म्हणजे सभा आली. सभा मैदानात, सतरंजीवर झाली. पहिला वाद नावावर. केशवरावांचं म्हणणं, 'पाठ' हा शब्द असावा. रामाजींचं म्हणणं, गावाकडे पाठ कोणाचीच दुखत नाही, कंबरच दुखते. शेवटी 'निरोगी कंबर योग मंडळ' ठरलं. मग अध्यक्ष कोण? रामाजी उठले.

"मी मुळमुळे साहेबायचं नाव सुचवतो. योगा त्यायनंच आनला इथं. कोनाचा इरोध असन तर त्यानं उभं राहावं."

केशवरावांचा विरोध होता. तीव्र होता. त्यांनी आधी उजवा गुडघा उचलून पाहिला, मग डावा, मग दोन्ही तळवे सतरंजीवर टेकून जोर लावला. तोंडातून जो आवाज निघाला, तो लोकांना गहिवर वाटला. टाळ्या वाजल्या.

अध्यक्ष

अध्यक्षाला पाठ नसते. म्हणजे असते, पण ती लोकांची असते.

सकाळी सहाला सगळा ले-आऊट श्वेतासमोर मांजर होऊन श्वास घेई, तेव्हा अध्यक्ष फाटकाशी उभे राहून गाड्या नीट लावून घेत. सतरंज्या कोणाकडे ठेवायच्या? अध्यक्षांकडे. बॅनरवर कोणाचा फोटो लहान आला? अध्यक्ष सांगतील. म्हशीवाला भांडायला आला — अध्यक्ष कुठे आहेत? अध्यक्ष म्हशीवाल्याशी बोलताहेत. मंडळातून पाठ काढून घ्यावी आणि घरी नेऊन तिच्यावर उपचार करावेत, असं केशवरावांना रोज वाटे. पण रोज काहीतरी निघे.

*— कालपासून माझी कंबर ८०% ठीक. श्वेताताईंचे आभार.*

*— मी आज जमिनीवर बसून जेवलो!!*

*— माझ्या सासूबाईंनी स्वतः पापड लाटले.*

*— अध्यक्ष साहेब, स्पीकरचं काय झालं?*

"काका," श्वेता एक दिवस वैतागून म्हणाली, "सगळा ले-आऊट सरळ झाला. तुम्ही एकटेच वाकडे आहात. तुम्ही चटईवर कधी येणार?"

"उद्घाटन झालं की."

कारण उद्घाटन व्हायचंच होतं. मंडळ सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण उद्घाटनाशिवाय सुरू झालेली गोष्ट सुरू झाली असं आपल्याकडे कोणी धरत नाही. भागातले एक पुढारी, ज्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणत, ते येणार होते. भाऊंची तारीख मिळवताना श्रावण निम्मा सरला. इकडे वसंताचे फोन चालूच होते. "दादा, पाठ कशी आहे? नाही, सहज विचारलं. मुखवट्यांची उंची किती हो, असं बायको विचारत होती."

पुन्हा वाकलेले

समई बुटकी होती.

एवढंच झालं. समई जरा उंच असती तर पुढलं काहीच घडतं ना. भाऊ आले, हार झाले, माइक रामाजींच्या हातात होता. तो त्यांना कोणी दिला नव्हता. तो तिथे होता आणि तेही होते. भाऊंनी मेणबत्ती अध्यक्षांच्या हाती देऊन मोठेपणा केला. "आधी तुम्ही." केशवराव समईची वात पेटवायला वाकले आणि

तसेच राहिले.

अध्यक्ष काटकोनात. हातात पेटती मेणबत्ती. चेहऱ्यावर असा भाव, जो फक्त साधकाला येतो किंवा ज्याच्या बोटावर मेण ओघळतंय त्याला.

"बंधू आनि भगिनीनो," रामाजी माइकवर म्हणाले, "अध्यक्ष साहेब आसन दाखवून राहिले! सर्वायनी उभं राहून करा!"

"नाही! थांबा!" श्वेता ओरडली. "असं वाकायचं नाही!" पण माइक एकच होता.

सगळा ले-आऊट उठला आणि काटकोनात वाकला. समोर मोबाइल उगारलेले पाहून भाऊही वाकले. भाऊंचं पोट मध्ये येत होतं, तरी ते जिद्दीने वाकले, लोकांचा माणूस म्हणून. मग मैदानभर इथे एक, तिथे एक, ओल्या काटक्या मोडाव्यात तसे आवाज येऊ लागले. सगळ्यात मोठा आवाज भाऊंच्या बाजूने आला.

केशवरावांना फक्त खालचं दिसत होतं. समई दिसत होती. समईच्या पलीकडे भाऊंचं डोकं दिसत होतं. दोघांची नजर एका पातळीवर मिळाली.

"अध्यक्ष," भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "उठायचं कधी?"

"मलाही तेच पाहायचं आहे," केशवराव म्हणाले.

महिनाभर घासून सरळ केलेला ले-आऊट एका मिनिटात वाकला. भाऊंना तसंच, बसल्या आकारात, गाडीत ठेवलं. संध्याकाळी मंडळाची परवानगी रद्द झाल्याचा निरोप आला. ज्या कामाला येताना इतके दिवस लागले, ते जाताना किती चपळ असतं!

वसंताचा फोन दिवेलागणीला आला. "दादा, व्हिडिओ पाहिला. फार वाईट वाटलं." थोडं थांबून तो म्हणाला, "पुन्हा पाहिला."

आणि दुसऱ्या दिवशी यमुताई. त्या बसल्याही नाहीत.

"केशवा, मी घोळ घालणार नाही. महालक्ष्म्या या वर्षी इथेच बसतील, तसं सगळ्यांना सांगून झालंय. पण नैवेद्य झाल्यावर तू पाटावरून आपला आपण उठलास तर ठीक. नाही उठलास, तर बोळवणीनंतर पेटी वसंताकडे जाईल. कायमची."

"ताई, माणसाला एखाद वर्षी—"

"महालक्ष्म्यांना उठणारा यजमान लागतो, बसून राहिलेला नाही."

मांजर, मनापासून

मंडळ बुडालं, हे फार चांगलं झालं. भैरवीबाईंनी खिडकीच्या भोकावर जाड चादर ठोकली. श्वेता रोज येऊ लागली आणि केशवराव पहिल्यांदाच, अर्जाशिवाय, बॅनरशिवाय, मांजर झाले. श्वास घेतला. सोडला. पहिले काही दिवस फक्त अपमान जाणवला. मग एका सकाळी, मान खाली आणि पाठ वर असताना, कमरेतली गाठ थोडी हलली. दाराची गंजलेली कडी हलावी, तशी. ते काही बोलले नाहीत. बोललं की मंडळ निघतं, हे त्यांना कळलं होतं.

पाटावर बसणं जमू लागलं. उठणं मात्र अडे.

"सरळ वर उठायला जाता, तिथेच चुकतं," श्वेता म्हणाली. "आधी बाजूला वळायचं, हात टेकायचे, चार पायांवर यायचं. दोन वेळा मांजर. मग एक पाय पुढे, आणि उभं."

"सोवळ्याच्या मुकट्यात? पाहुण्यांसमोर? वसंत असणार तिथे!"

"काका, पाठीला पाहुणे कळत नाहीत."

"मला कळतात ना."

केशवरावांनी ठरवलं. उठीन तर माणसासारखा उठीन. बाबा उठत तसा.

पाटावर

महालक्ष्म्या आल्या. हळदीकुंकवाच्या पावलांवरून आल्या, सहज सोडलेल्या त्या भिंतीशी नव्या लुगड्यांत उभ्या राहिल्या, आणि भैरवीबाईंना त्यांच्याकडे पाहताना रडू आलं. आरास करताना शेजारच्या प्रयागबाईंनी झेंडूच्या माळा ओवून दिल्या. आंबील, पुरण, सोळा भाज्या, फुलोरा, कढी — स्वयंपाकघरात यमुताई सोवळ्यात उभ्या राहून सूचना देत होत्या. वसंत सकाळीच कामठीहून हजर झाला. त्याच्या गाडीच्या डिक्कीत गादी अंथरलेली होती.

"सहज," तो म्हणाला.

पूजा लांबली. केशवराव पाटावर बसले ते बसले. गुरुजींचं मंत्र म्हणणं चालू होतं आणि केशवरावांच्या मनात एकच चाललं होतं — हलू नको, हलू नको. आरती झाली. नैवेद्याची पानं मांडली. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढल्या घरी पळाले. आता रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लोटून घ्यायचं, म्हणजे महालक्ष्म्यांना निवांत जेवता येतं. जाताना एकेकाने पाटाकडे पाहिलं. बाहेर पंगतीची पानं मांडून झाली होती आणि पोरं भुकेने कुरकुरत होती.

वसंत दाराशी रेंगाळला. "दादा, हात देऊ का?"

"शिवू नकोस त्याला," यमुताई म्हणाल्या. वसंताला बाहेर काढून त्यांनी दार लोटलं. आत दोघंच राहिली. आणि त्या दोघी, भिंतीशी.

"ऊठ, केशवा."

"उठतो."

"मग ऊठ."

"उठतोच आहे." बाबा उठत तसा त्यांनी जोर लावला. सरळ, वर. शरीर काही वर आलं नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग मान खाली घालून म्हणाले, "ताई, नाही होत गं. सांग वसंताला. डिक्की उघडायला सांग."

यमुताई दाराकडे गेल्या. कडीपर्यंत हात नेला. मग परत आल्या.

"सोवळ्यात मीही आहे," त्या पुटपुटल्या. "माझा हात चालतो." आणि त्या भावाला हात द्यायला वाकल्या.

'कट' असा आवाज झाला.

केशवरावांनी आपली पाठ तपासली. आपली नव्हती. वर पाहिलं तर यमुताई काटकोनात, ओठ घट्ट मिटून, आणि मग हळूच, भिंतीला धरत धरत, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"ताई! केव्हापासून?"

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "झाली वर्षं. काल मोदक वळायला पण मला उंच स्टुलावर बसावं लागलं. लोक म्हणतात, यमी उभ्यानं हुकूम सोडते. अरे, मला वाकताच येत नाही, तर दुसरं काय करू? हे कळलं की उद्या मला कोपऱ्यात खुर्ची देतील. 'ताई, तुम्ही बसा.' एकदा बसवलं की मग कोण विचारतं?"

केशवराव बहिणीकडे पाहत राहिले. महालक्ष्म्याही पाहत होत्या. बाहेर कोणीतरी म्हणालं, "फार वेळ जेवून राहिल्या या वर्षी."

"ताई," केशवराव म्हणाले, "बाजूला वळ. हात टेक. असा."

"हे काय?"

"मांजर. आता श्वास घे. पोट खाली, मान वर."

"देवापुढे?"

"त्यांना कळते पाठ. बाहेरच्यांना नाही कळत."

मुकटा सावरत केशवराव चार पायांवर आले. नऊवारी सावरत यमुताई आल्या. श्वास घेतला, माना वर केल्या. महालक्ष्म्यांशी नजर मिळाली. सोडला, माना खाली. पुन्हा. समया तेवत होत्या, आंबिलीचा वास दरवळत होता आणि मुळमुळे घराण्यातली दोन थोर माणसं शेजारी शेजारी पाठी वर काढत होती.

"आई गं," यमुताई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "आई गं... बरं वाटतं रे."

"रोज करायचं. त्या श्वेताला सांगतो. चादर लावून घेतो आम्ही खिडकीला. कोणाला दिसत नाही."

यमुताईंनी श्वास सोडला. "वसंताकडे हे कोणी शिकवील?"

"तो व्हिडिओ काढील."

"हं." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "पेटी इथेच राहू दे. दर वर्षी चार दिवस आधीच येत जाईन मी."

केशवरावांना एकदम हलकं वाटलं. एक पाय पुढे घ्यायचा आणि उभं राहायचं, आता एवढंच उरलं होतं, आणि ते जमणार हे कमरेला कळलं होतं. त्यांनी पाय पुढे घेतलाच, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. वसंत! मागे पंगतीतली भुकेली डोकी.

"ताई! दादा! अरे, काय झालं तुम्हाला?" वसंत दोन्ही हात पसरून धावला.

यमुताई अजून चार पायांवरच होत्या. त्यांनी मान वर केली, नेमकी शिकवल्याइतकी, आणि सबंध घराण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"खबरदार शिवलास तर! सोवळ्यात आहोत आम्ही. आणि दार लाव आधी, जेवून राहिल्या ना त्या!"